पडद्यावरचे आंबे आणि घरातले सागरगोटे

चुलीवर काही असेल तर जाळ कमी करा आणि रेडिओ जरा जवळ घ्या. आज आमच्या गटाच्या आम्ही तिघी आलोय. माईकसमोर एकच जण बसली असली, तरी काय बोलायचं ते तिघींनी मिळून ठरवलंय.

विषय आहे व्यायाम. ऐकल्याबरोबर रेडिओ बंद करू नका. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला आणखी कसला व्यायाम, असं तुम्ही म्हणाल, आणि ते काही खोटं नाही. आम्ही बोलणार आहोत तो आजारानंतरचा व्यायाम. अंगावरून वारं गेलं, गुडघ्याची वाटी बदलली, खांदा आखडला, भाजून कातडी आवळली, अशा वेळी अडकलेला हात किंवा पाय पुन्हा कामाला लावायचा व्यायाम. दवाखान्यात त्याला फिजिओथेरपी म्हणतात. हा व्यायाम आता काही ठिकाणी टीव्हीसारख्या पडद्यासमोर, खेळ खेळत करून घेतात. तो खेळ ज्याचा त्याच्या मापाचा असतो. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल म्हणतात, म्हणजे खऱ्यासारखा भासणारा. पडद्यावरचा आंबा खोटा, पण तो तोडायला वर जाणारा हात आपला आणि खरा.

आम्हाला हे कळलं ते आमच्या गटातल्या एका ताईंमुळे. गेल्या वर्षी सोयाबीनची काढणी संपत आली होती. सकाळी धार काढताना त्यांच्या हातातून चरवी सुटली, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. वय ४७. शेजारणीनं वेळ न घालवता १०८ला फोन लावला. इथं थोडं थांबून सांगतो. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात खाली पडला, जीभ अडखळली, की आधी घड्याळ बघायचं आणि लगेच मोठ्या दवाखान्याची वाट धरायची. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हेही डॉक्टर मेंदूचा फोटो काढूनच ठरवतात. तो वेळ कबुतराचं रक्त चोळण्यात घालवलात, तर गेलेला वेळ परत येत नाही.

ताई घरी आल्या तेव्हा उजवा हात लाकडासारखा झाला होता. घरच्यांनी जीव लावला, खोटं कशाला बोला. पडवीत खाट टाकली, सून भरवायची, मालक म्हणाले, "आता बसून खा, आयुष्यभर राबलीस." ऐकायला किती गोड! पण ताईंना बसून खायचं नव्हतं. त्यांना भाकरी थापायची होती. दुसऱ्याच्या हातचा घास किती दिवस, असं त्या अर्ध्यामुर्ध्या शब्दांत विचारायच्या. आम्ही गावात नजर टाकली, तर एक गोष्ट दिसली. वारं गेलेल्या पुरुषाला पोरं मोटारसायकलवर मध्ये बसवून व्यायामाला नेतात, कारण तो कमावता. बाईला मात्र आराम मिळतो. सगळी घरं अशी नसतात, पण बरीच असतात. आणि या आजारात नुसता आराम म्हणजे हात हळूहळू आखडत जाणं. बोटं मिटतात, कोपर वाकतं, खांदा दुखायला लागतो आणि मग कुणी हात लावला तरी बाई ओरडते. मग घरचे म्हणतात, राहू दे, त्रास होतोय तिला.

दोन महिन्यांनी आम्ही ताईंना एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा असाही उपयोग झाला. तिथल्या व्यायामाच्या मॅडमनी आधी कागद पाहिले, हात वाकवून पाहिला, बोटं एकेक करून उघडली. मग ताईंना एका पडद्यासमोर खुर्चीत बसवलं.

पडद्यावर झाड. झाडाला आंबे, खाली टोपली, आणि मध्येच एक हात. ताईंनी आपला हात हलवला की पडद्यावरचा हात हलायचा. हातात काही धरायचं नाही, बटण दाबायचं नाही. आमच्यातल्या एकीनं विचारलं, मॅडम, याला कळतं कसं? तर पडद्याखाली एक कॅमेरा असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं नोव्हेंबर २०१०मध्ये 'किनेक्ट' नावाचा कॅमेरा पोरांच्या खेळासाठी बाजारात आणला. तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश अंगावर टाकतो आणि खांदा कुठं, कोपर कुठं, मनगट कुठं, अशा अंगावरच्या २० जागा टिपतो. त्याच्या आधी, २००६मध्ये, निन्टेन्डो कंपनीचा 'वी' नावाचा खेळ आला होता. त्यात हातात एक छोटं दांडकं धरायचं आणि ते दांडकंच हाताची हालचाल ओळखायचं. दोन्ही निघाले ते करमणुकीसाठी, पण व्यायाम शिकवणाऱ्यांनी त्यातला उपयोग हेरला. किनेक्ट कंपनीनं पुढे बंद केला. आता साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावरून सांधे ओळखणारे प्रोग्राम निघालेत.

पण कॅमेऱ्याचं कौतुक आम्हाला तेवढं वाटलं नाही. कौतुक वाटलं ते मापाचं. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण मापाचा ब्लाऊज देतो, नाहीतर शिंपी आधी फीत लावतो. दुकानातला तयार ब्लाऊज कुठं सैल होतो, कुठं काचतो. व्यायामाचंही तसंच आहे. मॅडम म्हणाल्या, "जमेल तेवढा हात वर करा." ताईंचा हात छातीपर्यंतही गेला नाही. यंत्रानं तेवढंच माप घेतलं आणि पहिला आंबा त्याच उंचीला, किंचित वर टांगला. दहातले आठ मिळाले की पुढचा आंबा बोटभर वर. चुकायला लागले की परत खाली. अवघड इतकं नको की बाई रडकुंडीला येईल, सोपं इतकंही नको की नुसताच हात हलेल. बोटभर वर, एवढंच. आठवड्यानं परत गेलो तेव्हा मागच्या वेळची उंची त्यात लिहिलेली होती, तिथूनच सुरुवात झाली.

ताईंनी एकदा हुशारी केली. हात वर जाईना म्हणून सगळं अंगच मागं झुकवलं आणि हात आंब्यापर्यंत नेला. आंबा काही टोपलीत पडला नाही. कॅमेऱ्याला खांदा दिसतो तशी कंबरही दिसते, आणि अंग झुकवून केलेलं मोजायचं नाही असं त्याला सांगून ठेवता येतं. घरी आपण म्हणतो, जाऊ दे, केलं ना कसंतरी. यंत्र असं सोडून देत नाही. ही सवय मोडणं फार महत्त्वाचं आहे, असं मॅडमनी सांगितलं. कारण अंग झुकवूनच काम व्हायला लागलं, तर खांदा आपलं काम शिकत नाही.

त्याच खोलीत एक आजोबा होते. त्यांची डावी बाजू गेलेली. पण त्यांचा त्रास नुसता हात न उचलण्याचा नव्हता. डावीकडे काही आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. ताटातली उजवीकडची भाकरी खायचे, डावीकडची भाजी तशीच राहायची. घरच्या बाई सांगत होत्या, "आम्हाला वाटायचं, भाजी आवडली नाही म्हणून रुसलेत." मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असं होऊ शकतं, तो रुसवा नव्हे. त्यांच्या झाडाला मॅडमनी आंबे मुद्दाम डावीकडे लावले होते. झाड एकच, पण ताईंचे आंबे वेगळे आणि आजोबांचे वेगळे. तुमच्या घरात कुणी ताटातली एकच बाजू खात असेल, केसांची एकच बाजू विंचरत असेल, तर रागावू नका, डॉक्टरांना सांगा.

आता हे एवढं मोजमाप कशासाठी? मेंदूचा जो भाग मेला तो परत जिवंत होत नाही. पण शेजारचे भाग त्याचं काम थोडंफार शिकू शकतात. शिकायचं म्हणजे घोकायचं, पाढ्यासारखं. किती वेळा? २००९मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात पक्षाघाताच्या रुग्णांच्या व्यायामाच्या ३१२ बैठका बघितल्या होत्या. त्यात हातानं प्रत्यक्ष काही काम करायचा सराव, म्हणजे वस्तू उचलणं, ठेवणं असं काही, एका बैठकीत सरासरी ३२ वेळाच होत होता. आणि जनावरांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदू नव्यानं शिकल्याचं दिसलं, त्यांत तीच हालचाल रोज शेकडो वेळा केलेली होती. ३२ वेळा हात तर आपला एका भाकरीवर पडतो. भाकरी थापायला शिकलो तेव्हा कितीशे भाकऱ्या फाटल्या, आठवा. त्या दिवशी अर्ध्या तासानं पडद्यावर आकडा आला, ११४. घरी आम्ही ताईंना दहा वेळा हात उचला म्हटलं, की पाचव्याला त्या डोळे मिटून घ्यायच्या.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, आता पुढचं वाक्य येणार, म्हणून घ्या हे यंत्र. नाही. उलट पुढचं नीट ऐका, कारण शहरातल्या एका ठिकाणी आम्हाला या खेळाच्या नावाखाली तीन महिन्यांचं पैशाचं पॅकेज सांगितलं होतं, आणि तेवढ्यासाठी ताईंचे मालक शेळ्या विकायला निघाले होते.

कॅनडातल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन या खेळाची एक परीक्षा घेतली. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू, थायलंड, असे ४ देश आणि १४ दवाखाने. नुकतंच वारं गेलेले १४१ रुग्ण. सगळ्यांचा नेहमीचा व्यायाम चालूच होता. त्यावर भर म्हणून निम्म्या लोकांना दोन आठवड्यांत दहा वेळा, दर वेळी तासभर, त्या 'वी'वरचे खेळ खेळायला दिले. उरलेल्या निम्म्यांना तेवढाच वेळ काय दिलं? पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू. २०१६मध्ये निकाल छापून आला. दोन्हीकडचे हात सुधारले, आणि सारखेच सुधारले. पत्ते खेळणारे मागं राहिले नाहीत.

हे एकच उदाहरण असतं तर आम्ही सांगितलं नसतं. २०१७मध्ये अशा ७२ अभ्यासांची, म्हणजे २४७० रुग्णांची, एकत्र मांडणी झाली. त्यातूनही असंच निघालं. तेवढाच वेळ साधा व्यायाम केला, तर पडद्यावरचा खेळ हाताला त्यापेक्षा जास्त गुण देतो असं दिसलं नाही. पण नेहमीच्या व्यायामाच्या वर त्याची भर घातली, म्हणजे व्यायामाचा एकूण वेळ वाढवला, तर हाताला फायदा दिसला. म्हणजे पडदा वाईट नाही. पडद्यामुळे माणूस जास्त वेळ व्यायाम करतो, हाच त्याचा मोठा गुण. शेळ्या विकण्याइतका मात्र नाही. ताईंच्या शेळ्या वाचल्या.

मग सगळं घरीच करावं, दवाखाना कशाला? इथंही थांबा. आपल्या देशातलीच गोष्ट आहे. भारतातल्या १४ दवाखान्यांत १२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचाही निकाल २०१७चाच. त्यात निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवलं, की आता तुम्ही करून घ्या. सहा महिन्यांनी पाहिलं, तर शिकवलेल्या घरांत आणि इतर घरांत फरक नव्हता. दोन्हीकडे शंभरातले ४७ रुग्ण एकतर दगावलेले किंवा दुसऱ्याच्या आधारावर जगणारे. हे ऐकून आम्ही तिघी गप्प बसलो होतो. कारण घरची माणसं म्हणजे बहुतेक वेळा घरची बाईच. तिच्या कामात आणखी एका कामाची भर घातली, तिनं ती निभावली असणार, आणि हाती तेवढं लागलं नाही.

याचं कारण आम्ही आमच्या परीनं लावतो, डॉक्टर काय लावतील ते लावोत. पत्ते खेळणाऱ्यांसमोर कुणीतरी तासभर बसत होतं. त्या माणसाचं लक्ष त्या हाताकडेच होतं. घरात तसं बसायला कोण मोकळं आहे? आणि दवाखान्यातून येताना जो व्यायाम शिकवला, तोच सहा महिने चालवून कसं चालेल? बाळाचं झबलं वर्षानं येतं का अंगात? माप बदलतं. ते परत घ्यायला कुणीतरी जाणतं लागतं. पडदा ते काम पटकन करतो, पण माप घेण्याचा मक्ता काही पडद्याकडे नाही.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो. मॅडमना विचारूनच केलं, मनानं नाही. त्यांनी ताईंच्या हाताला झेपतील अशा चार गोष्टी ठरवून दिल्या. पडवीच्या भिंतीवर आम्ही खडूनं आडव्या रेघा ओढल्या, एकेक बोटाच्या अंतरानं. आज हात ज्या रेघेला टेकला, तिच्यावर टिकली लावायची. ताई खुर्चीत बसतात, पाठीमागं उशी, आणि पाठ उशीपासून सुटली की ती वेळ मोजायची नाही. दुसरं, कपड्यांचे चिमटे. आधी परातीतून नुसते उचलायचे, ते जमलं की परातीच्या काठाला लावायचे, मग उंच दोरीला. तिसरं, सागरगोटे. वर उडवून झेलणं फार पुढची गोष्ट, पहिल्या महिन्यात एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे, एवढंच. पण सागरगोटे बघून ताईंच्या तोंडावर हसू आलं, ते चिमटे बघून नव्हतं आलं. चौथं, पत्ते वाटणं. पत्ते बायकांनी खेळावेत का यावर घरात थोडी कुरकुर झाली. दवाखान्याचा कागद दाखवल्यावर थांबली.

आणि वही. आपण गटाची वही लिहितो ना, कुणी किती भरले, कुणाचा हप्ता राहिला, तशीच ही. तारीख, कुठल्या रेघेपर्यंत, किती वेळा, दुखलं का, आणि समोर कोण बसलं होतं. शेवटचं आमच्यातल्या एकीनं सुचवलं, आणि त्यानंच काम झालं. रोज एक बाई अर्धा तास बसायची, आठवड्याची पाळी लावली. सुनेवर सगळं टाकायचं नाही, हे आधीच ठरलेलं. पंधरा दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो आणि हात उचलतानाचा छोटा व्हिडिओ मॅडमना मोबाइलवर पाठवायचा. त्या सांगायच्या, चिमटे आता दोरीला, सागरगोटे एक आठवडा तसेच राहू द्या. महिन्याला एकदा प्रत्यक्ष जायचं. म्हणजे पडदा जे करत होता तेच आम्ही हातानं केलं. माप, मोजणी, आणि बोटभर वर.

आज ताईंना साडीच्या निऱ्या स्वतःच्या स्वतः घालता येतात. धार काढता येत नाही. भाकरी थापतात, पण कडेला फाटते आणि एका भाकरीला दोन भाकऱ्यांचा वेळ लागतो. गटाच्या वहीत मधले काही महिने डाव्या हाताचा अंगठा होता, आता उजव्या हाताची सही आहे. सगळ्यांना एवढंच येईल किंवा एवढं तरी येईल, असं आम्ही म्हणणार नाही. वारं किती मोठं होतं त्यावर बरंच अवलंबून असतं.

गुडघ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण वाटी बदललेल्या बायका आता गावोगाव आहेत. अमेरिकेत गुडघा बदललेल्या ३०६ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०२०मध्ये छापला गेला. निम्म्यांच्या घरी पडदा आणि कॅमेरा दिला. पडद्यावर एक चित्रातली बाई व्यायाम करून दाखवते, कॅमेरा रुग्णाचा पाय किती वाकला ते बघतो, आणि खरे फिजिओथेरपिस्ट लांबून ते तपासून व्यायाम बदलून देतात. बाकीच्यांचा नेहमीसारखा व्यायाम. पडद्यावाल्यांचा गुडघा इतरांपेक्षा मागं राहिला नाही, आणि पहिल्या बारा आठवड्यांचा खर्च कमी आला. दवाखाना लांब असलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. पण लक्षात घ्या, तिथंही लांब का होईना, एक जाणता माणूस होताच. नुसता मोबाइलवरचा व्हिडिओ लावून शेजारणीचा व्यायाम आपण करायचा, हे त्यात बसत नाही. शेजारणीचा गुडघा तिच्या मापाचा.

भाजलेल्यांचं दुखणं वेगळं. जखम भरताना कातडी आवळते, मान, बोटं, कोपर जखडतात, म्हणून दुखत असतानाच हालवावं लागतं. अमेरिकेत सिॲटलच्या संशोधकांनी अशा रुग्णांसाठी बर्फाचं एक खोटं जग तयार केलं. डोळ्यांवर चष्म्यासारखं यंत्र लावायचं की चहूकडे बर्फ, आणि आपण बर्फाचे गोळे फेकायचे. तेवढा वेळ मन तिकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं. चुलीपाशी, स्टोव्हपाशी भाजलेल्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. आपल्याकडे तो चष्मा नसेल, पण ड्रेसिंगच्या आणि व्यायामाच्या वेळी शेजारी बसून कुणी बोलत राहिलं, गाणं लावलं, तर तेवढंच मन दुसरीकडे लागतं.

आपल्या देशातही काम चाललंय, तेही सांगायला हवं. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी मिळून 'प्लूटो' नावाचं हातासाठीचं छोटं यंत्र तयार केलंय. मनगट आणि बोटं त्याच्याशी जोडून पडद्यावरचे खेळ खेळायचे. हात जेवढा कमी पडेल तेवढाच आधार यंत्रानं द्यायचा, अशी त्यामागची कल्पना आहे. चालायला शिकणाऱ्या पोराचं बोट धरतो तसं. अशी यंत्रं आपल्या जिल्ह्यापर्यंत यावीत, हे मागायला आपण लाजायचं कारण नाही. ग्रामसभेत रस्ता मागतो, पाणी मागतो, तालुक्याच्या दवाखान्यात व्यायामाचे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस तरी बसावेत हेही मागू या. आम्ही अर्ज दिलाय. उत्तर आलेलं नाही, दुसरा अर्ज लिहून तयार आहे.

आता काही सांभाळायच्या गोष्टी. ज्यांना फिट येते, चक्कर येते, त्यांनी तो डोळ्यांवरचा चष्मा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. काहींना त्यानं मळमळतं. पडद्यासमोर उभं राहून खेळताना तोल जाऊ शकतो, म्हणून शेजारी माणूस हवा आणि जमीन ओली नको. आणि वारं गेलेल्या माणसाला उठवताना कमजोर हात धरून कधीही ओढायचं नाही. खांदा निखळतो. एक हात पाठीमागं, एक कमरेला, असं उठवायचं.

जायचं कुठं? आधी आशाताईंना सांगा. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. व्यायामासाठी जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपीचा विभाग विचारा. मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, १९५५पासून. आणि जाताना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: हा व्यायाम दिवसातून किती वेळा, कुठं पोचलं की पुढचा व्यायाम, दुखलं तर कधी थांबायचं, आणि परत माप कधी घ्यायचं.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला त्या व्यायामाच्या मॅडम स्वतः इथं येणार आहेत. तुमच्या घरात कुणाचा हात, पाय, खांदा अडकला असेल तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून गटाच्या अध्यक्षांकडे सोमवारपर्यंत द्या. नाव लिहायची गरज नाही, पण वय, किती महिने झाले आणि हात आज कुठपर्यंत उचलतो, एवढं नक्की लिहा. उंची भिंतीवर मोजून लिहिलीत तर फारच छान. सोबत खडू ठेवा.